स्वच्छ शून्य

दार उघडलं तेव्हा भाची उंबऱ्यावर उभी होती. उजव्या मनगटाला पट्टी, डाव्या काखेत एक जाड वही, आणि चेहरा असा की वहिनींच्या हातातला पेला कलंडून पाणी पायावर सांडलं.

"मावशी," ती म्हणाली, "मी माणूस मारला का गं?"

वहिनींनी तिला ओढून आत घेतलं, दार लावलं, कडी घातली, आणि कडी लागली की नाही ते दोनदा बघितलं.

घरात त्या दोघीच राहत. वहिनी आणि त्यांच्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्नाच्या दिवसापासून वहिनी तिला वन्सं म्हणत आल्या. नवऱ्याला जाऊन बारा वर्षं झाली, पण वन्सं आणि वन्सं हे नाव दोन्ही घरात राहिली. वन्संनी तीस वर्षं वीज कंपनीच्या मीटर तपासणीच्या खोलीत काढली होती. कुणी कुठे तार फिरवली, कुणी कुठे चुंबक चिकटवला, हे त्यांना मीटर कानाशी धरून कळायचं. निवृत्त झाल्यावर लोक आपापल्या गुंत्यांची गाठोडी घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले. वहिनी बरोबर जात, पिशवी धरत आणि घाबरत. घाबरण्याचं काम त्या मनापासून करत.

"पहिल्यापासून सांग," वन्सं म्हणाल्या. "रडायचं नंतर."

भाचीला कारखान्यात सगळे ठिणगी म्हणत. नाव मालकांनी ठेवलेलं. सातव्या वर्षी तिने घरचं घड्याळ उघडून पुन्हा जोडलं होतं. एक स्क्रू उरला, पण घड्याळ चाललं. तो स्क्रू वहिनींनी अजून शिवणाच्या डब्यात जपून ठेवला होता.

"आम्ही शीतगृहांची दारं बनवतो," ठिणगी सांगू लागली. "वीतभर जाडीची, मोटरवर सरकणारी. दार अडलं की मोटरला जोर लागतो, जोर लागला की करंट वाढतो. तो वाढलेला बोर्डाला कळला की दार मागे फिरतं. नाहीतर माणूस चेपेल."

"बोर्डाला कळतं कसं?" वहिनींनी विचारलं.

"तारेच्या वाटेत धातूची एक छोटी पट्टी असते, मावशी. करंट तिच्यातून गेला की जरासा दाब उमटतो, मुंगीच्या पावलाएवढा. तो मोठा करून सांगणारा एक अ‍ॅम्प्लिफायर असतो. सगळा भरवसा त्याच्यावर."

"म्हणजे मुंगीचं पाऊल ऐकणारा कान," वन्सं म्हणाल्या. "पुढे."

"मालकांची एक पद्धत होती. दार तपासून जो कागदावर सही करेल, त्याने सरकत्या दारात स्वतःचा हात घालायचा. सगळ्यांदेखत. दार टेकतं आणि मागे जातं. तीन वर्षं मी घालतेय. गुदगुल्या होतात, बस." तिने पट्टीकडे बघितलं. "मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडले नि फाटकाबाहेरच्या पायरीवरून घसरले. तशीच डॉक्टरकडे गेले, तिथून घरी. बुधवारी सकाळी मालकांनी पट्टी बघितली आणि म्हणाले, आज माझा हात. आणि..."

ती थांबली. वहिनींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. 

"दार थांबलं नाही, मावशी. तीन सेकंद नुसतं रेटत राहिलं. हात मोडला, आणि तिथेच त्यांचं हृदय बंद पडलं. चालू करायचं बटण मी दाबलं होतं. थांबवायचं बटण माझ्या बोटाखाली होतं. बोट हललंच नाही."

वहिनींनी पेला पुन्हा भरून तिच्यापुढे ठेवला. 

"पोलिसांनी बोर्डाच्या पेटीला सील लावलंय. आज तीन वाजता विद्युत निरीक्षक येऊन उघडणार. मालकांचे जावई म्हणतात, शून्य चुकीचं धरलं गेलं असणार. आणि शून्य सांभाळणं माझं काम. तसं निघालं तर निष्काळजीपणाने मृत्यू. संध्याकाळी मला घेऊन जातील."

"शून्य धरणं म्हणजे?" वन्संनी विचारलं.

"बोर्डावर झाकणाखाली एक बटण आहे. ते दाबून सोडलं की त्या क्षणी जो आकडा असेल त्याला बोर्ड शून्य मानतो. पण मी ते कधी दाबतच नाही, आत्या. मालकांनी शिकवलं होतं, काहीच करंट नसताना अ‍ॅम्प्लिफायर जो थोडा खोटा आकडा दाखवतो, तो पुसायचा नाही. लिहायचा. खोट लिहून ठेवली की ती आपल्या ताब्यात राहते." तिने वही पुढे केली. "ही पोलिसांनी मागितली नाही. मीच घेऊन आले."

वन्संनी चष्मा लावला. वहिनींनी त्यांच्या खांद्यावरून डोकावलं. रोज दोन नोंदी, सकाळ आणि दुपार. उन्हाळ्यात आठ, नऊ. मग सात, सहा. थंडी लागली तसे चार, तीन. दुपारी नेहमी एखाद्या आकड्याने जास्त. मंगळवारी सकाळी तीन. दुपारची जागा कोरी, कारण ठिणगी तेव्हा डॉक्टरकडे होती. बुधवारी सकाळी शून्य.

"हे बघून तुला काही वाटलं नाही?"

"गारठा होता. वाटलं, आणखी उतरला. हात दुखत होता, आत्या. लक्ष नव्हतं."

वन्संनी वही मिटली. "वहिनी, माझी पिशवी घ्या. आणि गरम पाण्याची रबरी पिशवीही."

"कुणाला शेकायचं आहे?"

"बघू," वन्सं म्हणाल्या.

*

कारखाना म्हणजे एक लांब पत्र्याची इमारत. आत तेलाचा आणि कापलेल्या लोखंडाचा वास. मशीन बंद होती, आणि बंद मशीनमधून चालताना वहिनींना झोपलेल्या जनावरांमधून चालल्यासारखं वाटत होतं. टोकाला चाचणीची खोली. तिथे ते दार होतं, पांढरं, गुळगुळीत, हातभर फट ठेवून थांबलेलं. फटीच्या कडेवर एक तपकिरी डाग राहिला होता.  दाराच्या पलीकडे थंड खोलीतला काळोख.

भिंतीवर सील लावलेली पेटी. तिच्या काचेतून आकड्याची पट्टी दिसत होती, पण विझलेली. मुख्य स्विच पलीकडच्या भिंतीला, प्रवेशद्वारापासून लांब. शेजारच्या बाकावर दहा दिव्यांची एक रांग.

"हे दिवे कशाला?"

"दर सोमवारी त्या धातूच्या पट्टीतून एकेक दिव्याचा करंट सोडते," ठिणगी म्हणाली. "एका दिव्याला दहा, दोनाला वीस. कान प्रमाणात मोठं करून सांगतोय ना, ते बघायला. या सोमवारी बरोबर होतं."

वन्संनी माणसं एकेक करून बोलावली. पहिला मालकांचा मुलगा. चाळिशीचा, दोन रात्री न झोपलेला. हातातला रुमाल पिळून दोरी झालेला.

"तुमचं काय मत?"

"अ‍ॅम्प्लिफायर मंद असेल. करंट वाढला, पण याच्या लक्षात उशिरा आलं. जुने बोर्ड आहेत."

"किती उशिरा? दार तीन सेकंद रेटत होतं. मंदात मंद कान सेकंदाच्या आत जागा होतो. हा झोपलाच होता. तुम्ही कुठे उभे होतात?"

"बाबांच्या शेजारी. त्यांच्या पाठीवर हात होता माझा." त्याचा आवाज फुटला. "चहा होता दुसऱ्या हातात. ते म्हणाले, माझ्या हाताला हल्ली कुणी दाबून देत नाही, निदान दार तरी देईल. आम्ही हसलो. तेवढ्यात मेव्हणे मागून आले, त्यांचा धक्का लागून चहा सांडला माझ्या शर्टावर. मी वळून काहीतरी बोलणार, तोवर बाबांची किंकाळी."

"मेव्हण्यांना पट्टीचं, म्हणजे हिच्या हाताचं माहीत होतं?"

"नसेल. सकाळच्या चहाला मी, बाबा आणि मिस्त्री होतो. ते उशिरा आले."

दुसरा मिस्त्री. साठी उलटलेला, डाव्या हाताची दोन बोटं नाहीत, बोलणं मात्र दहा बोटांचं.

"माझं विचाराल तर वेल्डिंग," तो म्हणाला. "शेजारी वेल्डिंग चाललं की वीज बिथरते. त्या गोंगाटात मुंगीचं पाऊल कसलं ऐकू येतंय?"

"बुधवारी वेल्डिंग चालू होतं?"

"नव्हतं. ताई, तुम्ही तर माझ्या तोंडातला घासच काढून घेतलात."

"आणि गोंगाटाने बिथरलेला कान उगाच ओरडतो, दार भलतीकडेच थांबवतो. चांगला कान मात्र ढोल वाजत असताना मुंगी ऐकतो. या कानाने तर मेलेलं मौन धरलं. मंगळवारी काही वेगळं झालं होतं का?"

मिस्त्रीने डोकं खाजवलं. "तसं काही नाही. दुपारी मी गोण्यांवर आडवा होतो. झोपेत वाटलं की मोटर कण्हतेय. भिंत ढकलत असल्यासारखी. उठून पाहिलं तर सगळं गप्प. स्वप्न असेल. हां, माझा लाकडी ठोकळा कुणीतरी चेपून ठेवला. हा बघा." त्याने कोपऱ्यातून ठोकळा आणला. एका बाजूला दाराच्या कडेएवढी ताजी खाच पडली होती. "शिसवाचा आहे. विचारलं तर सगळे हात वर."

"मालकांनी हात घातला तेव्हा तुम्ही?"

"हसत होतो, दुसरं काय? वीस वर्षं बघतोय ही गंमत. जावईबापूंचं मात्र मानायला हवं. दार अजून वीतभर लांब होतं, तेव्हाच माणूस स्विचकडे सुटला होता. दोन पावलं जवळ असता तर मालक वाचले असते. देव हो, देव."

वन्संनी ठोकळा वहिनींच्या हातात दिला. मग त्यांच्या कानाशी वाकून अगदी हळू म्हणाल्या, "तुमच्या भाचीला एकटं सोडू नका. पाणी प्यायलासुद्धा."

"का?" वहिनींनी विचारलं.

"विचारू नका. घाबरा आणि जवळ राहा."

वहिनींना दोन्ही जमण्यासारखं होतं. पण मान वळवून बघतात तो बाकाजवळ ठिणगी नव्हती.

*

त्या शोधत सुटल्या. मशीनच्या रांगा, मागची खोली, नळ, कुठेच ती नव्हती. मग थंड खोलीच्या मागच्या छोट्या दारातून आवाज आला. पुरुषाचा, मऊ, समजावणीचा.

आत उजेड कमी होता. जावई भिंतीला टेकून उभा होता. नीटनेटका, खिशाला तीन पेनं. ठिणगी त्याच्यासमोर, हातात एक कागद.

"नुसतं लिही, शून्य धरताना चूक झाली," तो म्हणत होता. "पेटी उघडायच्या आधी कबूल केलंस तर माणसं दया दाखवतात. मी आहे ना. तुझं वय काय, तुला काय कळतंय. पुढे नवीन बोर्ड बसले की ही भानगडच उरणार नाही."

मागचं दारही तसंच होतं, जाड, पांढरं, सरकणारं. वहिनींना सरकत्या दारांची पहिल्यापासून भीती. दुकानाच्या काचेच्या दारातही त्या श्वास रोखून शिरत. पण त्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, एक पाय आत, एक बाहेर, आणि ठोकळा छातीशी धरला.

"ठिणगे, बाहेर ये."

"मावशीबाई, आमचं जरा कामाचं बोलणं चाललंय," जावई हसला. "दार लागेल तुमच्यावर. बाजूला व्हा."

"लागू दे."

तो वहिनींकडे बघत राहिला. मग त्याची नजर ठोकळ्यावर गेली आणि हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून निघून गेलं. वहिनींना वाटलं, हे आपल्याला भासलं. पण त्या उंबऱ्यावरून हलल्या नाहीत. ठिणगी त्यांच्या काखेखालून बाहेर आली. कागद कोराच होता.

वन्सं बाहेरच भेटल्या. धाप लागलेल्या. वहिनींनी त्यांना धावताना चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"बरं झालं तुम्ही इथेच आहात," त्या जावयाला म्हणाल्या, आणि क्षणात आवाज नेहमीसारखा झाला. "तुमच्याशीच बोलायचं राहिलं. हा जुना बोर्ड तुमचा?"

"छे. सासऱ्यांचा. माझा नवा आहे, चाळीस नग तयार पडलेत. हिने अडवलेत." त्याने हनुवटीने ठिणगीकडे दाखवलं.

"थंड खोलीत ठेवला की त्याचा आकडा भटकतो," ठिणगी पुटपुटली. "सकाळी तीन, दुपारी तीस. असल्या कानाला दार थांबवायचं केव्हा ते कळणार नाही. मालकांनाही पटलं होतं."

"पटलं होतं," जावई म्हणाला. "आणि त्यांच्या लाडक्या जुन्या बोर्डानेच त्यांना खाल्लं."

"तुम्ही बुधवारी धावलात म्हणे."

"धावणारच. आत पाऊल टाकलं नि त्यांची किंकाळी ऐकली. काळजाचं पाणी झालं. सुटलो स्विचकडे."

"किंकाळी ऐकून?"

"मग? कशाने धावतो माणूस?"

वन्संनी मान हलवली. मग वहिनींकडे वळून म्हणाल्या, "पाणी गरम करून पिशवी भरता का?"

*

तीनला निरीक्षक आले. कोरडा, बारीक माणूस, बोलण्यात काटकसर. बरोबर एक पोलीस. सगळे चाचणीच्या खोलीत जमले. ठिणगी वहिनींना चिकटून उभी होती.

सील तुटलं. लगेच जावई पुढे झाला. "साहेब, मी दाखवतो. झाकणाखाली बटण आहे..."

"हात लावू नका," वन्सं म्हणाल्या. "साहेब, हा बोर्ड बुधवारपासून जसा आहे तसाच मला दहा मिनिटं हवा. कुणीही काही दाबायच्या आधी. मोटर बंद राहू द्या, फक्त बोर्डाला वीज द्या."

निरीक्षकांनी मान डोलावली. आकड्याची पट्टी उजळली. शून्य.

"बघा," जावई म्हणाला. "करंट नाही, आकडा शून्य. दिसायला ठीक आहे."

"फारच ठीक आहे," वन्सं म्हणाल्या. त्यांनी गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून बोर्डाला टेकवली. सगळे बघत राहिले. एक मिनिट गेलं. दोन. शून्य. तीन मिनिटं. शून्य.

"ठिणगे, ऊब लागली की काय व्हायला हवं?"

"चढायला हवा." तिने वही उघडली. तिचा आवाज एकदम जागा झाला. "आठ, नऊ. उन्हाळ्यात तसाच चढतो."

"तीन वर्षं या कानाची नाडी चालत होती. थंडीत मंद, उन्हात जलद, पण चालत होती. बुधवारी ती सपाट झाली. जी नाडी ऊब लागूनही हलत नाही, ती शांत माणसाची नसते." वन्संनी दिव्यांच्या रांगेकडे बोट केलं. "एकेक लाव."

पहिला दिवा. शून्य. दुसरा. शून्य. तिसरा, चौथा, पाचवा. खोली उजळत चालली आणि आकडा मख्खपणे शून्यावर बसून राहिला. सहावा. शून्य. सातव्याला आकडा हलला. पाच.

निरीक्षक पहिल्यांदाच पुढे वाकले.

"खरं शून्य कुठेतरी खोल पुरलंय," वन्सं म्हणाल्या. "हा कान एकाच बाजूने बोलतो. शून्याच्या खाली त्याला सांगताच येत नाही. त्यामुळे खड्डा सहा दिव्यांएवढा असो की साठ, वरून सपाट शून्यच दिसतं. पोरीने सकाळी शून्य बघितलं, शून्य लिहिलं. ती खोटं बोलली नाही, चुकलीही नाही. जे दिसलं ते लिहिलं."

"खड्डा पाडला कसा?" निरीक्षकांनी विचारलं.

"तो ठोकळा दाखवा, वहिनी. शून्याचं बटण दाबून धरलं की तेवढा वेळ बोर्ड दार थांबवायचं काम करत नाही. बरोबर, ठिणगे?"

"हो. सोडेपर्यंत."

"मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी हा ठोकळा फटीत ठेवला, बटण दाबून धरलं आणि दार त्याच्यावर घातलं. मोटर कण्हली. मिस्त्रींना ते स्वप्न वाटलं. पूर्ण जोर लागला असताना बटण सोडलं. म्हणजे बोर्डाला शिकवलं की माणूस चेपताना लागतो तो जोर म्हणजे शून्य. दुसऱ्या दिवशी दार चालताना पट्टीवर शून्यच असणार. पण ती कोण बघतंय? सगळे हाताकडे बघतात."

मिस्त्री मटकन बाकावर बसला.

"कुणी?" मुलाने विचारलं.

"आधी कुणासाठी ते बघा. मंगळवारी दुपारी, ही पोर फाटकाबाहेर पडून हात दुखवून घेणार, हे कुणाला माहीत होतं? कुणालाच नाही. दुसऱ्या दिवशी मालक हात घालणार, हेही नाही. सापळा मालकांसाठी नव्हताच."

वहिनींना अर्थ लागायला एक श्वास जावा लागला. मग त्यांनी ठिणगीला दोन्ही हातांनी आवळलं.

"आता बुधवारची सकाळ. पोरीच्या हाताला पट्टी आहे आणि आज मालक हात घालणार, हे मुलाने चहालाच ऐकलं, आणि तो वडिलांच्या पाठीवर हात ठेवून हसत उभा राहिला. मिस्त्रींनीही ऐकलं, तेही हसत होते. यांच्यापैकी कुणी सापळा लावला असता, तर भलताच हात आत जाताना तो हसला असता का? काहीतरी सबब काढली असती. चहा सांडला असता, मोटर बंद केली असती." वन्सं थांबल्या. "उशिरा आलेल्या माणसाला सबब काढायला वेळ नव्हता. त्याने दारातून बघितलं, पोरीच्या जागी सासरे. आणि तो धावला."

"मी किंकाळी ऐकून धावलो," जावई म्हणाला.

"मिस्त्री म्हणतात, दार वीतभर लांब असतानाच तुम्ही सुटला होतात. तुमच्या धक्क्याने यांचा चहा सांडला, आणि किंकाळी त्याच्यानंतर आली. शर्टावर डाग असेल अजून. ही गंमत तुम्ही शंभरदा पाहिली असेल. एकदा तरी धावलात? दार थांबणार नाही हे त्या क्षणी या खोलीत एकाच माणसाला माहीत होतं." त्यांनी चष्मा काढला. "आणि पेटीला सील असताना, आत कुणी डोकावलंही नसताना, शून्य चुकीचं धरलं गेलंय हे तुम्ही सगळ्यांना सांगत फिरलात. कान मंद असेल, गोंगाट असेल, असं बाकीचे म्हणाले. तुमचाच नेम अचूक कसा?"

 जावयाने मालकांच्या मुलाकडे बघितलं, आणि तिथून नजर खाली, दाराच्या कडेवरच्या डागावर गेली.

"नुसता हात," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "नुसता हात मोडायचा होता. जुना बोर्ड बदनाम झाला असता, हिचं तोंड बंद झालं असतं. चार वर्षं खपलो मी त्या बोर्डावर. आणि घड्याळं उघडणारी ही पोर म्हणते, भटकतो." त्याने डोळे चोळले. "मी पोचायला हवा होतो. दोन पावलं."

मुलगा त्याच्या अंगावर गेला नाही. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पोलिसाने जावयाच्या दंडाला धरलं आणि दोघं मशीनच्या रांगेतून चालत गेले. पावलांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

*

निरीक्षकांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाले, "खोटं शून्य काढून बोर्ड नीट चालतो हे बघितल्याशिवाय मला कागद पुरा करता येणार नाही. ठोकळ्याने चालेल."

ठिणगीने बोर्डातलं साठवलेलं शून्य पुसलं. पट्टीवर आठ आलं. गरम पिशवी बाजूला केली तसं सात, सहा, आणि हळूहळू चार. दहा दिवे लावले, आकडा एकशेचार. ठोकळा ठेवून दार चालवलं. टेकलं, मागे गेलं. निरीक्षकांनी सही केली.

"झालं," मुलगा म्हणाला. "ही हात घालायची पद्धत आजपासून बंद."

"बंद करा," ठिणगी म्हणाली. "पण आज नाही. हाच कान लावलेली आमची दारं बाहेर चालू आहेत, त्यांतून माणसं रोज जातात-येतात. त्यांच्या कागदांवर माझी सही आहे. आज हात घातला नाही, तर पुन्हा मला सही करता येणार नाही." ती वळली. "मावशी, बटण तू दाब."

वहिनींनी वन्संकडे बघितलं. वन्संनी बाजूला सरकून वाट दिली.

त्या पेटीपाशी गेल्या. एक बोट चालू करायच्या बटणावर, दुसऱ्या हाताचा अंगठा थांबवायच्या. ठिणगीने डावा हात कोपरापर्यंत फटीत घातला. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"आकड्याकडे बघ, मावशी. हाताकडे नको."

वहिनींनी बटण दाबलं. मोटर गुरगुरली. चार, मग तीस, एकतीस, तीस. दार येत होतं. त्यांना ते दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं, आणि त्या आकडा धरून उभ्या होत्या. तीस, एकतीस, एकदम त्रेपन्न. गुरगुर थांबली. दार मागे सरकत गेलं.

"गुदगुल्या झाल्या," ठिणगी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

तिने वही ओढली, डाव्या हाताने वेडंवाकडं लिहिलं, शुक्रवार दुपार, चार. मग आली आणि वहिनींच्या अंगठ्यावर हात ठेवला.

"सोड आता, मावशी. झालं."

पण वहिनींचा अंगठा थांबवायच्या बटणावरून निघेना. दार कधीच थांबलं होतं. वन्संनी येऊन एकेक बोट सोडवलं तेव्हा कुठे हात सुटला.